डोमकावळ्यांचे बाल्टिमोर

खेळाच्या संघाला नाव देताना माणसे सहसा बळाची आठवण ठेवतात. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे बत्तीस संघ पाहावेत. त्यांत सिंह आहेत, अस्वले आहेत, गरुड आहेत. काही नावांत गावाचा धंदा दिसतो. पिट्सबर्गचा संघ पोलाद गाळणाऱ्यांच्या नावाने ओळखला जातो, तर ग्रीन बे या लहानशा गावाच्या संघाने मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीवरून नाव घेतले. या सर्वांत मेरिलंड राज्यातील बाल्टिमोर शहराचा संघ मात्र निराळा. त्याने आपले नाव एका शोककवितेतून उचलले आहे. ‘रेव्हन’ म्हणजे डोमकावळा. एडगर अ‍ॅलन पो या कवीची त्याच नावाची कविता १८४५ साली प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर दीडशे वर्षांनी, धिप्पाड देहाचे, शिरस्त्राणधारी खेळाडू त्या पक्ष्याचे नाव छातीवर मिरवू लागले. जन्मभर मुलांना कविता शिकविणाऱ्या आमच्यासारख्याला याचे कुतूहल वाटले नसते तरच नवल! म्हणून आप्तांच्या आग्रहावरून वॉशिंग्टनला जाण्याचा योग आला, तेव्हा तेथून आगगाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर असलेले बाल्टिमोर आम्ही मुद्दाम पाहून आलो.

चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या पटाप्स्को नदीच्या मुखाजवळ हे जुने बंदर वसले आहे. लाल विटांची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे आणि त्यांच्या दाराशी पांढऱ्या संगमरवराच्या दोन-तीन पायऱ्या, असे येथील जुन्या वस्तीचे रूप. शहराच्या मध्यभागी बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचे एकोणिसाव्या शतकातील कॅम्डेन स्थानक अजून उभे आहे. जेथे एके काळी मालगाड्यांची ये-जा चाले, त्या जागेवर आता दोन क्रीडांगणे आहेत. एक बेसबॉलचे आणि त्याच्या दक्षिणेस फुटबॉलचे. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे, हे सांगून ठेवणे बरे. अंडाकृती चेंडू हाती धरून किंवा फेकून, समोरच्या अकरा जणांची भिंत फोडीत पुढे न्यावयाचा, असा हा खेळ. अंगावरची चिलखते पाहून मल्लयुद्धाची आठवण व्हावी. पण प्रत्येक चालीमागे बुद्धिबळाइतका विचार असतो.

क्रीडांगणाच्या दारी एक पुतळा आहे, तो जॉनी युनायटस या खेळाडूचा. वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु हा युनायटस डोमकावळ्यांच्या संघातून कधीच खेळला नाही! तो खेळला बाल्टिमोरच्या आधीच्या संघातून, ‘कोल्ट्स’मधून. कोल्ट म्हणजे शिंगरू. मेरिलंड हा घोड्यांच्या पैदाशीचा आणि शर्यतींचा मुलूख. म्हणून १९४७ साली शहराच्या संघाला हे नाव मिळाले. तो संघ तीन-चार वर्षांत मोडला. १९५३ मध्ये त्याच नावाने दुसरा उभा राहिला. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या संघावर त्याने वाढीव वेळेत २३-१७ असा विजय मिळविला, त्या सामन्याला जाणकार आजही ‘आजवरचा सर्वोत्तम सामना’ म्हणतात. बंदरावरचे मजूर आणि कारखान्यांतील कामगार या संघाला घरचाच मानीत.

परंतु अमेरिकेत संघ ही मालकाची मालमत्ता असते, गावाची नव्हे. क्रीडांगणावरून मालक आणि शहर यांचे बिनसले. संघ जाऊ नये म्हणून, सार्वजनिक हितासाठी तो सक्तीने ताब्यात घेता यावा असा कायदा करण्याच्या खटपटीला राज्याचे विधिमंडळ लागले. मालकाला याची चाहूल लागली. २८ मार्च १९८४ च्या रात्री, बर्फ पडत असताना, सामान हलविणाऱ्या कंपनीचे पंधरा मालट्रक संघाच्या कार्यालयाशी येऊन उभे राहिले. शिरस्त्राणे, चषक, कागदपत्रे, सारे त्यांत भरले गेले आणि मालट्रक निरनिराळ्या वाटांनी इंडियानापोलिसकडे रवाना झाले. सकाळी शहर जागे झाले, तेव्हा एकतीस वर्षांचा संघ गावात नव्हता. संघाबरोबर नावही गेले. ‘कोल्ट्स’ आजही आहेत, पण ते इंडियानापोलिसचे.

एक गोष्ट मात्र मालट्रकांत भरली गेली नाही. संघाचे एक वाद्यपथक होते, हौशी नागरिकांचे. त्या रात्री वादकांचे गणवेश सुदैवाने धुलाईच्या दुकानात होते. वादकांनी ते तेथून हलविले आणि काही काळ दफनभूमीतील एका समाधिगृहात दडवून ठेवले! संघ गेला तरी पथक मोडावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. पुढली बारा वर्षे ‘बाल्टिमोर कोल्ट्स’चे पथक कोल्ट्सशिवाय वाजत राहिले, मिरवणुकांत वाजले, इतर गावांच्या सामन्यांत पाहुणे म्हणून वाजले. नव्या क्रीडांगणाच्या निधीचा प्रश्न विधिमंडळापुढे आला, तेव्हा ते राजधानी अ‍ॅनापोलिस येथे विधानभवनासमोर जाऊन वाजले. ज्याच्यासाठी वाजवावयाचे तो नाही, आणि तरीही तालीम चुकवावयाची नाही, ही निष्ठा आम्हांला कोणत्याही विजयाहून मोठी वाटली. बॅरी लेव्हिन्सन या बाल्टिमोरमध्येच जन्मलेल्या दिग्दर्शकाने २००९ साली या पथकावर अनुबोधपट काढला आहे.

मधल्या काळात आणखी एक गंमत घडली. १९९४ मध्ये कॅनडाच्या फुटबॉल मंडळाने बाल्टिमोरला एक संघ दिला. त्याला ‘कोल्ट्स’ म्हणावे अशी लोकांची इच्छा; पण न्यायालयाने त्या नावाला मनाई केली. पहिला हंगाम संघ जवळजवळ निनावीच खेळला. निवेदक ध्वनिवर्धकावरून शहराचे नाव घेऊन क्षणभर थांबे आणि मना केलेला तो शब्द सारे प्रेक्षागृह एका आवाजात पुरा करी! दुसऱ्या वर्षी संघाने ‘स्टॅलियन्स’ म्हणजे वळू घोडे हे नाव घेतले आणि कॅनडाचा मानाचा ग्रे चषक जिंकला. कॅनडाबाहेरच्या संघाने तो चषक जिंकण्याचा हा एकमेव प्रसंग. परंतु तो चषक येताच तेही घोडे गावाबाहेर पडले, कारण खराखुरा अमेरिकन संघ आता येऊ घातला होता.

येथे या कथेला एक कडू वळण आहे आणि ते झाकणे योग्य होणार नाही. येणारा संघ आभाळातून पडला नव्हता. तो दुसऱ्या गावाचा होता. नोव्हेंबर १९९५ मध्ये क्लीव्हलंडच्या ‘ब्राउन्स’ संघाच्या मालकाने आपला संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या नव्या क्रीडांगणाचे आमिष बाल्टिमोरने दाखविले होते. अकरा वर्षांपूर्वी ज्या शहराच्या डोळ्यांना पाणी आले, त्याच शहरासाठी आता क्लीव्हलंडची माणसे रडली. मात्र क्लीव्हलंडने एक शहाणपणाची मागणी लावून धरली आणि मिळविली. खेळाडू व करारमदार खुशाल जाऊ देत. नाव, रंग आणि इतिहास आमच्याकडे राहील. त्याप्रमाणे १९९९ साली तेथे त्याच नावाने, त्याच रंगांत नवा संघ उभा राहिला. बाल्टिमोरच्या दुःखातून क्लीव्हलंड शिकले, असे म्हणावयास हरकत नाही.

यामुळे बाल्टिमोरपुढे मात्र पेच उभा राहिला. संघ आला तो बिननावाचा. जुने नाव इंडियानापोलिसने सोडले नाही आणि आणलेले नाव क्लीव्हलंडला परत करावे लागले. तेव्हा १९९६ च्या मार्च महिन्यात ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाने दूरध्वनीवरून वाचकांचा कौल घेतला. तेहतीस हजारांहून अधिक लोकांनी मत दिले; त्यांतील एकवीस हजारांहून अधिक डोमकावळ्याच्या बाजूने होते. कवितेला एवढ्या बहुमताने निवडून दिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही! पुढे संघाच्या तीन सोंगांना एडगर, अ‍ॅलन आणि पो अशी नावे मिळाली. वाद्यपथकानेही १९९८ साली, नव्या क्रीडांगणाबरोबर, नवे नाव आणि नवा गणवेश स्वीकारला.

क्रीडांगणापासून उत्तरेकडे वीसेक मिनिटे चालले की ग्रीन आणि फेयेट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर वेस्टमिन्स्टर दफनभूमी लागते. पो येथे आहे. बॉस्टनमध्ये जन्मलेल्या या कवीचे घराणे बाल्टिमोरचे. तरुणपणी तो अ‍ॅमिटी रस्त्यावरील एका चिंचोळ्या घरात आपल्या आत्याकडे राहिला. याच शहरातील एका साप्ताहिकाने १८३३ मध्ये त्याच्या कथेला पन्नास डॉलरांचे बक्षीस दिले. येथेच ३ ऑक्टोबर १८४९ रोजी, निवडणुकीच्या दिवशी, तो एका गुत्त्याजवळ भ्रमिष्टावस्थेत, परक्याच्या कपड्यांत सापडला आणि चार दिवसांनी रुग्णालयात वारला. त्याचे काय झाले होते, हे कोडे आजवर सुटलेले नाही. आजोबांच्या जागेत, मागच्या बाजूला, त्याला पुरण्यात आले. नीलसन पो या त्याच्या नातलगाने संगमरवरी शिळा करवून घेतली. पण रुळांवरून घसरलेली आगगाडी पाथरवटाच्या आवारात घुसली आणि शिळेचा चुराडा झाला. अशी सव्वीस वर्षे कवी स्मारकाविना राहिला.

शेवटी त्याला स्मारक मिळाले ते शाळेमुळे. सारा सिगर्नी राइस या बाल्टिमोरमधील शिक्षिकेने पुढाकार घेतला. मुलांनी एकेक पेनी जमविली, शिक्षकांनी कार्यक्रम करून पैसे उभे केले, उरलेली रक्कम फिलाडेल्फियाच्या एका दात्याने भरली. १७ नोव्हेंबर १८७५ रोजी स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा नामवंत कवींपैकी एकटा वॉल्ट व्हिटमन उपस्थित होता. स्मारकावर जन्मतारीख १९ जानेवारीऐवजी २० कोरली गेली आहे. चूक दुरुस्त करण्याची आमची जुनी सवय. हात क्षणभर खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला, हे कबूल केले पाहिजे. मागच्या मूळ जागेवर विसाव्या शतकाच्या आरंभी एक लहान शिळा उभारली गेली. तिच्यावर पक्षी कोरला आहे, डोमकावळा! संघ अस्तित्वात येण्याच्या कितीतरी वर्षे आधी तो येथे येऊन बसला होता.

पोचे आणि फुटबॉलचे नाते तर त्याहूनही जुने निघाले. ज्याची शिळा आगगाडीने फोडली, त्या नीलसन पोचे सहा नातू प्रिन्स्टन विद्यापीठाकडून फुटबॉल खेळले. त्यांतल्या एकाचे नाव चक्क एडगर अ‍ॅलन पो! १८८९ साली देशातील निवडक खेळाडूंच्या पहिल्याच यादीत तो झळकला आणि पुढे मेरिलंड राज्याचा महाधिवक्ता झाला. त्याचा भाऊ जॉनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढताना १९१५ मध्ये लूसच्या रणांगणावर पडला.

कोणी म्हणेल, ‘द रेव्हन’ ही कविता बाल्टिमोरमध्ये लिहिलीच नाही, मग एवढा अभिमान कशाला? आक्षेप खरा आहे. पो त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होता. बोलणाऱ्या डोमकावळ्याची कल्पनाही त्याला चार्ल्स डिकन्सच्या ‘बार्नबी रज’ या कादंबरीवरून सुचली असावी, असे मानले जाते. तिचे परीक्षण त्याने केले होते. त्या कादंबरीतील ग्रिप हा डोमकावळा डिकन्सने खरोखर पाळलेला होता आणि पेंढा भरलेला त्याचा देह आज फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. म्हणजे पक्षी फिलाडेल्फियाचा, कविता न्यूयॉर्कची, जन्म बॉस्टनचा. बाल्टिमोरच्या वाट्याला काय आले? कवीचे घराणे, त्याचा पहिला मान आणि त्याची माती. त्या मातीची निगा शहराने राखली, एवढाच त्याचा हक्क. आणि तो आम्हांला पुरेसा वाटतो.

मोठ्या नावाखाली लहान माणसावर अन्याय होऊ शकतो, याचेही उदाहरण याच संघाच्या इतिहासात आहे. पंख पसरलेल्या ढालीचे जे पहिले बोधचिन्ह संघाने वापरले, ते आपल्या चित्रावरून घेतल्याची तक्रार एका सुरक्षारक्षकाने केली. १९९८ मध्ये न्यायालयात ज्यूरीने त्याचे म्हणणे ग्राह्य धरले आणि संघाला चिन्ह बदलावे लागले. भरपाई म्हणून मात्र त्या चित्रकाराच्या हाती काही पडले नाही.

डोमकावळ्यांनी २००१ आणि २०१३ साली अमेरिकेतील अजिंक्यपद जिंकले. २०१३ च्या सामन्यात दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक सख्खे भाऊ होते, आणि हरलेला धाकटा भाऊ पूर्वी इंडियानापोलिसच्या कोल्ट्समधूनही खेळला होता आणि बाल्टिमोरच्या डोमकावळ्यांतूनही! पण या विजयांपेक्षा आमच्या मनात राहिले ते निराळेच. मालकाने एका रात्रीत जे नेले ते सर्व मोजता येण्याजोगे होते. वादकांची तालीम, मुलांच्या पेन्या आणि कवीची कबर यांची यादी कोणत्याच मालट्रकाजवळ नव्हती. त्यामुळे नाव शोधण्याची वेळ आली, तेव्हा बाल्टिमोरला दूर जावे लागले नाही. आजही पोच्या कबरीला भेट देणारे लोक शिळेवर एकेक पेनी ठेवून जातात. आम्हीही एक ठेवली.