समान नावांतून पूर्वजाची ओळख
इंग्लंडमधील १८४१ च्या जनगणनेत ‘जॉन स्मिथ’ या नावाच्या पूर्वजाची ओळख पटवणे अतिशय अवघड ठरते, कारण त्या नोंदींत १५ वर्षांवरील व्यक्तींचे वय बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिले जाई, जन्म त्याच काउंटीत, म्हणजे परगण्यात, झाला की नाही एवढेच नमूद होई आणि कुटुंबातील परस्परनाते दिलेले नसे. १८५१ पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते व जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या अखत्यारीतील स्थानिक विभाग, नोंदवला जाऊ लागल्याने पत्नी, मुले आणि व्यवसाय यांचा मेळ दर दशकाला घालता येतो. केवळ नाव जुळले म्हणून परक्याला पूर्वज मानणे हा दोन्ही कुटुंबांवर अन्याय आहे; संपूर्ण कुटुंब जुळेपर्यंत संशोधकाने निष्कर्ष राखूनच ठेवावा.