घरच्या कॉफीचे माप

कॉफी दुधाची प्यायची की कोरी, यावर घरात कोणते भांडे हवे आणि पूड किती लागेल, हे ठरते. मुंबईच्या उपनगरांत बहुतेक घरी ती दुधाचीच असते. दुधात पूड, साखर आणि जायफळ घालून उकळायची ही मराठी घरातली जुनी रीत. तिच्यात जायफळ पुढे राहते, कॉफी मागे पडते आणि जास्त उकळल्यास कडवटपणा उतरतो. दुधाच्या कॉफीसाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या तमिळ कुटुंबांत दिसणारा स्टीलचा किंवा पितळी फिल्टर.

त्याच्या वरच्या भांड्यात 20 ग्रॅम पूड घालून चकतीने हलकेच दाबायची आणि नुकतेच उकळलेले 120 मिली पाणी गोल फिरवत ओतायचे. प्रमाण झाले 1:6. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली जेमतेम 80 मिली डिकॉक्शन उतरते. त्यात दुप्पट गरम दूध घातले की दोन कप होतात. दूध घातल्यावरही चव टिकावी, म्हणूनच डिकॉक्शन इतके कडक लागते. ते पाच मिनिटांतच खाली आले तर पूड जाड आहे किंवा दाब कमी पडला. तासभर अडकले तर पूड फार बारीक आहे किंवा तिच्यात मिसळलेली चिकोरी जास्त.

चिकोरीबाबत सावध असावे. भारतीय नियमांप्रमाणे मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरीही चालते. कॉफीचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो, चिकोरीचा त्याहून कितीतरी जास्त. डिकॉक्शन काळे आणि दाट दिसते ते त्यामुळे. माटुंग्याच्या दुकानांत दाणे समोर दळून मिळतात. तिथे 80:20 मागावे.

कोऱ्या कॉफीचे गणित निराळे. फ्रेंच प्रेसमध्ये जाड दळलेल्या 16 ग्रॅम पुडीला 240 मिली पाणी, म्हणजे 1:15, आणि चार मिनिटे. कागदी गाळणीला 1:16, दळण मध्यम. 1933 साली इटलीत आलेल्या मोका पॉटमध्ये मात्र प्रमाण भांडेच ठरवते: पाणी झडपेच्या खाली, पूड जाळीभर, न दाबता. त्यातून उतरणारी कडक कॉफी दुधालाही पेलते.

चमचा फसवतो, कारण गडद भाजलेली पूड हलकी असते. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्यावाच. कॉफी पातळ लागली तर पूड वाढवावी. आंबट लागली तर दळण बारीक करावे, कडू लागली तर जाड. कडूपणा घालवायला पूड कमी करणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने कॉफी कडू राहतेच, वर पांचटही होते.

मुंबईत भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून येणारे नळाचे पाणी मृदू असते आणि कॉफीला मानवते. आरओ यंत्र त्यातले उरलेसुरले क्षारही काढते, मग चव सपाट होते. साधे गाळून उकळलेले पाणी पुरते. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्याला मात्र आरओ बरा. पावसाळ्यात पूड दमट होऊन गोळे धरते, म्हणून पंधरा दिवसांपुरतीच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.