फोन बदलला तरी

ॲपची सेटिंग्ज म्हणजे वापरणाऱ्याने यंत्राला लावलेले वळण. अक्षरे किती मोठी असावीत, मराठी कीबोर्ड कोणता, कोणती सूचना वाजावी आणि कोणती गप्प राहावी, असे शेकडो बारीक निर्णय माणूस वर्षानुवर्षे घेत असतो. फोन चार वर्षांत जुना होतो; हे निर्णय जुने होत नाहीत. फोन आणि संगणक यांच्यात त्यांचा मेळ राखण्याचे काम म्हणजे सिंक.

१९९६ मध्ये आलेल्या पामच्या ‘पायलट’ या हातात मावणाऱ्या यंत्राला संगणकाशी जोडलेल्या स्टँडवर ठेवून एक बटण दाबावे लागे. पुढे ही जोडणी तारेतून सुटून खात्यावर आली. ॲपलचे आयक्लाउड २०११ मध्ये आले, तर २०१२ च्या विंडोज ८ मध्ये भाषेची निवडसुद्धा एका संगणकावरून दुसऱ्यावर जाऊ लागली. मात्र ही ने-आण बहुतेक एकाच कंपनीच्या कुंपणात चालते. भोरच्या एखाद्या तरुणाने टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टनची मांडणी शिकलेली असते, नोकरीच्या संगणकावर इन्स्क्रिप्ट मांडणी असते आणि फोनवर रोमन अक्षरांतून मराठी उमटते. या तिन्हींचा मेळ कोणतेही खाते घालून देत नाही; तो बोटांनाच घालावा लागतो. कानंद, गुंजवणी, रायरेश्वर ही तिकडची नावे एका कीबोर्डला शिकवली, तरी दुसऱ्याला ती पुन्हा शिकवावी लागतात.

सेटिंग्ज आकाराने अगदी लहान असतात. आयक्लाउड प्रत्येक ॲपला पसंती साठवायला १ एमबी जागा देते. क्रोमच्या एक्स्टेन्शनला सिंकसाठी सुमारे १०० केबी मिळतात. एवढा मजकूर कमकुवत सिग्नलवरूनही जाऊ शकतो. फोन बदलताना कामी येणाऱ्या बॅकअपमध्येही अडचण आकाराची नाही, नियमाची आहे. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ॲपच्या माहितीचा बॅकअप आपोआप होतो, प्रत्येक ॲपमागे २५ एमबीपर्यंत. पण त्यासाठी आधीच्या बॅकअपला २४ तास झालेले असावे लागतात, फोन वापरात नसावा लागतो आणि तो वायफायवर असावा लागतो. मोबाइल डेटावर बॅकअप हवा असेल तर तशी परवानगी वेगळी द्यावी लागते. ज्या घरात वायफाय नाही, तिथे ही परवानगी दिली नसेल तर बॅकअप होतच नाही. तोरण्याच्या पायथ्याच्या गावातला असा फोन रोज रात्री चार्जिंगला लागतो, सकाळी हातात येतो आणि बॅकअप मात्र होत नाही. मालकाला हे कळते ते फोन धरणाच्या पाण्यात पडल्यावर. हा नियम शहरातले घर डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, आणि तो बदलायला हवा.

दुसरा पेच क्रमाचा. डोंगराआड सिग्नल नसताना सकाळी फोनवर एक सेटिंग बदलली; दुपारी पुण्यातल्या संगणकावर तीच सेटिंग वेगळी केली; संध्याकाळी फोन चेलाडी फाट्यावर येताच त्याला सिग्नल मिळाला. सर्व्हरने बदल पोहोचण्याची वेळ धरली, तर सकाळचा जुना निर्णय दुपारच्या नव्या निर्णयावर चढतो. म्हणून बदल केव्हा केला याची नोंद बदलाबरोबरच जायला हवी, आणि प्रत्येक सेटिंगची तुलना स्वतंत्र व्हायला हवी. सगळी फाइल एकदम बदलणारी ॲप एका चुकीसाठी दहा योग्य निर्णय पुसतात.

सगळेच सिंक होऊ नये, हेही तितकेच खरे. ब्राइटनेस, आवाज, फाइल ठेवायची जागा या गोष्टी त्या त्या यंत्राच्या असतात. भाषा, अक्षरांचा आकार, पत्ता या माणसाच्या. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा वेळी ब्राउझरमध्ये साठवलेला पत्ता एका ठिकाणी सुधारला की, सिंक चालू असल्यास, त्याच खात्याच्या प्रत्येक यंत्रावर तो सुधारतो. सिंकचा खरा उपयोग इथे दिसतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर अक्षरे मोठी करून, मराठी कीबोर्ड बसवून देणाऱ्यांनी आणखी दोन कामे करावीत: बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाची परवानगी द्यावी, आणि फोन बदलण्यापूर्वी चांगला सिग्नल असलेल्या ठिकाणी एकदा स्वतः बॅकअप घ्यावा.