पुसलं म्हणजे गेलं?

बालमित्रांनो, शाळेच्या पटावरून एखाद्याचं नाव कमी केलं, तर तो मुलगा लगेच बाकावरून नाहीसा होतो का? नाही ना! संगणकाच्या हार्ड डिस्कचंही तसंच. फाइल पुसली, की बहुधा यादीतलं नाव तेवढं जातं. फाइल जागच्या जागी असते. त्या बाकावर नवी फाइल येऊन बसली, की मात्र जुनी कायमची गेली.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतली डिस्क कुणाकडून तरी चुकून कोरी झाली. शिपाईमावशींच्या निरोपाचे फोटो तिच्यातच! चौथीची मुलं रडवेली झाली. बाकावर नवं कुणी बसू नये, म्हणून आम्ही संगणक लगेच बंद केला. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्रॅम चालवला. सापडलेले फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवले. त्यांची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. पण फोटोत मावशी हसत होत्या!

काही फोटो मात्र अर्धेच आले. नव्या एसएसडी डिस्कवर तर पुसलेलं बहुधा मिळतच नाही. म्हणून आवडत्या फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवायची. आजच ठेवा हं!