रबिमामांची भाची

सरलादेवी चौधुराणी (१८७२–१९४५) यांचे बंगाली आत्मचरित्र ‘जीबनेर झरापाता’ या नावाने ओळखले जाते. झरापाता म्हणजे गळून पडलेली पाने. उतारवयात लिहिलेल्या या आठवणी आधी ‘देश’ साप्ताहिकात क्रमशः आल्या. पुस्तक निघाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. देबेंद्रनाथ ठाकूर हे त्यांचे आजोबा. सत्येंद्रनाथ, ज्योतिरिंद्रनाथ आणि सर्वांत धाकटे रवींद्रनाथ हे मामा. आई स्वर्णकुमारी देवी कादंबरीकार आणि ‘भारती’ मासिकाच्या संपादिका. अशा घरातल्या बाईने आठवणी लिहिल्या की वाचक पुस्तक उघडतो ते मामांसाठी. सरलादेवींना याची पुरेपूर कल्पना असावी. मामांविषयी त्या भरभरून लिहितात, पण प्रत्येक वेळी त्या प्रसंगात आपण कुठे उभ्या होतो हे सांगायला विसरत नाहीत.

ठाकूरांच्या जोडासाँकोच्या वाड्यात मूल जन्मले की ते दूधआईच्या आणि दासीच्या हवाली होई. आईने मुलाला कुशीत घेणे, मुके घेणे ही त्या घरची रीतच नव्हती. स्वर्णकुमारी तर लेखनात गढलेल्या. १८७६ साली त्यांची ‘दीपनिर्वाण’ ही कादंबरी आली तेव्हा सरला चार वर्षांची होती. धाकटी बहीण ऊर्मिला हिला निपुत्रिक कादंबरी देवींनी, म्हणजे ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नीने, आपलीशी केले होते. ती लहानपणीच जिन्यावरून पडून गेली. ठाकूरवाड्यावर लिहिणारे बहुतेक जण नाटके, गाणी आणि गच्चीवरच्या मैफली रंगवतात. आईच्या स्पर्शाला आसुसलेले मूल त्यात सहसा दिसत नाही. सरलादेवींच्या पुस्तकात ते आहे, आणि त्याचे महत्त्व मामांच्या गोष्टींपेक्षा तसूभरही कमी नाही.

मामांकडून मात्र लक्ष मिळाले, तेही संगीतामुळे. रवींद्रनाथांनी आपले एक ब्रह्मसंगीत पियानोवर विलायती पद्धतीने बसवायला दिले. भाचीने ते बसवून दाखवले आणि बाराव्या वाढदिवसाला तिला स्वरलिपी लिहिण्याची वही भेट मिळाली. पुढे परतफेडही तिने केली. १८८७ च्या मे महिन्यात, चौदा वर्षांची असताना, ती भल्या पहाटे काशियाबागानच्या आपल्या घरून पार्क स्ट्रीटला गेली. रवींद्रनाथ तेव्हा तिथे राहत होते. घरच्या बकुळीचा स्वतः ओवलेला हार, बाजारातून आणवलेला मोगऱ्याचा हार, धोतर-उपरण्याचा जोड आणि हाइनेच्या कवितांचे इंग्रजी पुस्तक तिने झोपलेल्या मामांच्या पायाशी ठेवले, नमस्कार केला आणि त्यांना उठवले. घर जागे झाले, ‘रबीचा वाढदिवस’ म्हणून गलका झाला. रवींद्रनाथांचा वाढदिवस साजरा करण्याची सुरुवात आपण केली, असे सरलादेवी बजावून सांगतात. पुढे पंचविशे बैशाख, म्हणजे रवींद्रनाथांची जन्मतिथी, हा बंगालचा सणच झाला, तेव्हा त्यांचा हा आग्रह समजण्यासारखा आहे.

गाण्यांच्या बाबतीतही त्या हिशेब मांडतात. ‘वंदे मातरम्’च्या सुरुवातीच्या कडव्यांना चाल रवींद्रनाथांनी लावली, उरलेल्यांना त्यांच्या सांगण्यावरून सरलादेवींनी. दक्षिणेतून त्यांनी आणलेल्या चालींवर ‘आनंदलोके मंगलालोके’ यांसारखी गाणी उभी राहिली. हा हिशेब काहींना आत्मप्रौढी वाटतो, आणि थोडी आहेही. पण तो मांडला नसता तर ही देवघेव एकाच नावावर जमा राहिली असती.

१८९० मध्ये त्या बेथून कॉलेजातून बी. ए. झाल्या. विज्ञानाची ओढ म्हणून महेंद्रलाल सरकार यांच्या संस्थेतल्या व्याख्यानांना जात, तेव्हा दोन्ही बाजूंना भाऊ पहारेकऱ्यांसारखे बसत. पुढे पोटाची ददात नसताना, केवळ पुरुषांसारखे स्वतः कमावून पाहायचे म्हणून, त्या म्हैसूरला मुलींच्या शाळेत शिकवायला गेल्या. एका रात्री घरात माणूस शिरला, बंगाली वृत्तपत्रांनी टिंगल केली, आणि वर्षभरातच त्या परतल्या.

परतल्यावर ‘भारती’चे संपादन आणि राजकारण सुरू झाले, आणि इथे महाराष्ट्र येतो. सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आय. सी. एस.; त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. टिळकांच्या शिवाजी उत्सवाच्या धर्तीवर सरलादेवींनी १९०३ मध्ये जेसोरचा राजा प्रतापादित्य याचा उत्सव भरवला. लाठी-तलवार शिकवायला मुर्तझा नावाचे उस्ताद ठेवले. रवींद्रनाथांना हे रुचले नाही. ‘बौ-ठाकुरानीर हाट’ या कादंबरीत त्यांनी प्रतापादित्य क्रूर, काकाच्या जिवावर उठलेला रंगवला होता. त्यांची नाराजी दिनेशचंद्र सेन यांच्यामार्फत भाचीपर्यंत पोहोचली. तिचे उत्तर असे की, मी त्याला नीतीचा आदर्श ठरवलेले नाही. मोगलांपुढे उभा ठाकलेला बंगाली म्हणून त्याचे स्मरण केले आहे. भाचीने मामांना दिलेले हे रोखठोक उत्तर. बंगालच्या क्रांतिकारकांनी राजकीय दरोड्यांना टिळकांची संमती असल्याचे सांगितले, तेव्हा सरलादेवींनी ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाकारले. पुण्याला जाऊन टिळकांनाच विचारले आणि नकार ऐकून आल्या.

१९०५ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे लग्न लाहोरचे आर्यसमाजी वकील रामभज दत्त चौधरी यांच्याशी झाले. हिमालयातल्या मायावती आश्रमातून परतल्या तेव्हा घरच्यांनी सगळे ठरवून टाकले होते; आई आजारी असल्याने नाही म्हणता आले नाही. आत्मचरित्र या लग्नापाशीच थांबते.

पुढची चाळीस वर्षे त्यात जवळपास नाहीत. १९१० मध्ये स्थापन केलेले भारत स्त्री महामंडळ नाही. १९१९ मध्ये पती तुरुंगात असताना लाहोरच्या त्यांच्या घरी राहिलेले गांधीजी नाहीत. त्याच गांधीजींनी पुढच्या वर्षी आपले मित्र कॅलेनबाख यांना लिहिलेल्या पत्रात सरलादेवींसाठी ‘आध्यात्मिक पत्नी’ असा शब्द वापरला. चरित्रकार नेमके त्याच काळाभोवती घुटमळतात आणि गांधीजींच्या पत्रांवर भिस्त ठेवतात. पती १९२३ मध्ये गेले, सरलादेवी कलकत्त्याला परतल्या आणि मुलींच्या शिक्षणात गुंतल्या. आठवणी लिहायला बसल्या तेव्हा लाहोर आणि गांधीजी हे दोन्ही विषय त्यांच्या हाताशी होते, आणि वाचकही उत्सुक होते. त्यांनी लिहिली ती दूधआई, बकुळीचा हार आणि मामांशी झालेला वाद.