अपास्तावरची समान पावले

पहिल्या संख्येच्या (कनिष्ठाच्या) वर्गाला 2 ने गुणून 1 मिळवला की दुसऱ्या, धन संख्येचा (ज्येष्ठाचा) वर्ग यावा, अशा पूर्णांकांच्या जोड्या अगणित आहेत: (2, 3), (12, 17), (70, 99). 2 च्या जागी वर्ग नसलेली कोणतीही धन पूर्णांक संख्या चालते; तिला प्रकृती म्हणतात. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये दिलेल्या ‘भावना’ नावाच्या रीतीने दोन जोड्यांतून तिसरी निघते. तिरप्या गुणाकारांची बेरीज हा नवा कनिष्ठ. कनिष्ठांच्या गुणाकाराला प्रकृतीने गुणून त्यात ज्येष्ठांचा गुणाकार मिळवला की नवा ज्येष्ठ. (2, 3) ची स्वतःशी भावना केली की (12, 17) येते. (0, 1) मुळे काही बदलत नाही, आणि (−2, 3) ही (2, 3) ला रद्द करते. आजच्या बीजगणितात हा अनंत गट ठरतो.

सूत्र पाठ होते, पण गटाची घडण त्यातून दिसत नाही. जोड्या आलेखावर मांडल्या की सगळ्या अपास्ताच्या एकाच शाखेवर बसतात आणि भावना चक्क पट्टीने करता येते. दोन बिंदू जोडावेत, त्या रेषेला समांतर रेषा (0, 1) मधून काढावी. ती वक्राला पुन्हा छेदते तिथे उत्तर. एकच बिंदू दोनदा घ्यायचा असेल तर स्पर्शिका घ्यावी. लगतचे बिंदू केंद्राशी जोडून होणाऱ्या पाकळ्यांचे क्षेत्रफळ दर वेळी सारखेच भरते, मग वक्रावर ते बिंदू कितीही दूर दिसोत.

पूर्णांकी बिंदू सुटे सुटे असतात, म्हणून (0, 1) च्या उजवीकडे सर्वांत जवळचा एक असतोच. हे पहिले पाऊल. दुसऱ्या कोणत्याही बिंदूतून ते जमेल तितक्या वेळा वजा करावे. उरेल ते पहिल्याहून लहान, म्हणजे (0, 1)च. अख्खा गट एकाच पावलाची पुनरावृत्ती आहे, हे सूत्रांच्या पानभर खटपटीपेक्षा आकृतीत लवकर पटते.

ते पाऊल केवढे, याबाबत मात्र आकृती मुकी आहे. प्रकृती 60 ला (4, 31), 62 ला (8, 63). मधल्या 61 ला एकदम (22,61,53,980, 1,76,63,19,049). भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात ते, भावना पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या चक्रवाल पद्धतीने काढले. फर्माने 1657 मध्ये 61 चाच प्रश्न पुन्हा घातला.

चक्रवाल वाचून येत नाही, करून येते. त्यासाठी गुरू आणि पाटी लागते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शके 1128 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.