अठरा अंशांचं पाणी

टाकीत कोणीच नव्हतं आणि तरी मी तिला खायला घालत होते. संध्याकाळी कामावरून आलं की अमोनियाचे मोजून थेंब पाण्यात सोडायचे, काचेच्या बारक्या नळ्यांत पाणी घेऊन त्यात तपासणीचं रसायन टाकायचं आणि रंग बदलण्याची वाट पाहत उभं राहायचं. पिवळा म्हणजे अमोनिया संपला, हिरवा म्हणजे शिल्लक आहे. दुसऱ्या नळीतला आकाशी जांभळ्याकडे झुकला की नायट्राइट आलं. काच, पाणी, तळाशी बारीक वाळू आणि बुडबुडणारा स्पंज फिल्टर, एवढाच संसार. लंडनच्या आमच्या फ्लॅटमध्ये उत्तरेकडच्या खोलीत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे ती टाकी ठेवली होती आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, मासे कुठेत?

मासे येणारच नव्हते. येणार होता ॲक्सोलॉटल, म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारा एक सॅलामँडर, शेपटी असलेला उभयचर, पण तो यायच्या आधी ज्यांनी यायला हवं होतं ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यातला प्राणी पाण्यातच सगळं करतो. त्याच्या अंगातून सुटणारा अमोनिया त्याच्याच कल्ल्यांना जाळतो. जिवाणूंची एक जमात त्या अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जमात त्याचं नायट्रेट करते, ते बरंच सौम्य, आणि पाणी बदललं की निघून जातं. या दोन्ही जमाती स्पंजच्या भोकाभोकांत वस्तीला यायला आठवडे लागतात. सूर्यप्रकाशाशी काही देणंघेणं नसलेले हे जीव केवळ रसायनांतून जगण्याची ताकद मिळवतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्कीने 1890च्या सुमारास दाखवून दिलं. उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून मला ते रोज पाहायला मिळत होतं, आणि त्याचा आनंद इतका होता की प्राणी थोडा उशिरा आला तरी चालेल असं वाटायला लागलं होतं.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे विरजण लागायची वाट बघत्येस. मग कुणाच्या तरी घरनं थोडं मागून का नाही आणत?” अगदी तसंच करतात. जुन्या, मुरलेल्या टाकीतल्या स्पंजचा तुकडा आणून आपल्या टाकीत टाकायचा. मीही एकांकडून तसा आणला आणि निळा-जांभळा रंग भराभर उतरला. टाकी आणि प्राणी एकाच संध्याकाळी विकणं दुकानांनी बंद करावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आधी टाकी द्यावी. महिन्याभराने गिऱ्हाईक पाण्याचे आकडे घेऊन आलं की मग प्राणी द्यावा.

लंडनचं पाणी जड. इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात चहावर येणारा तवंग आणि किटलीच्या तळाशी साचणारा पांढरा चुना पाहून मी हळहळले होते. गावच्या विहिरीच्या पाण्याचा चहा आठवायचा. आता कळतं की ॲक्सोलॉटलला जडच पाणी मानवतं. किंचित अल्कली, क्षारांनी भरलेलं. फक्त त्यातलं क्लोरीन मारायचं आणि ते थंड ठेवायचं, 16 ते 18 अंश. बावीसच्या वर गेलं की तो कासावीस होतो, खाणं सोडतो, अंगावर बुरशी धरायला लागते. किटलीतल्या त्या चुन्याकडे मी आता मायेने पाहते.

तो आला तेव्हा वीतभरही नव्हता. फिकट गुलाबी अंग, मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तुरे लाल पिसांसारखे, काळे टपोरे डोळे. पापण्या नाहीत, म्हणून प्रखर दिवा लावायचा नाही. तोंडाची ठेवणच अशी की सदा हसल्यासारखा. मागच्या एका पायाची बोटं तुटलेली होती. लहान असताना ही पिल्लं हलेल त्याला तोंड घालतात आणि भावंडाचा पाय गिळून बसतात. पण या जातीचा पाय परत येतो. हाड, स्नायू, नस, कातडी, सगळं जिथल्या तिथे. पाठीचा कणा चिरला गेला तरी सांधतो. बाळूच्या पायाला आधी एक बोथट कोंब आला, मग त्याला खाचा पडल्या, मग चिमुकली बोटं. बाळू हे नाव आईने ठेवलं. त्याला पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, “अगं, हा अजून व्हायचाय.”

तिने कोकणातल्या भातखाचरात जन्मभर बेडूकमासे पाहिलेत. कल्ले आहेत, शेपटीला पडद्यासारखा काठ आहे, म्हणजे हे पिल्लू, मोठं व्हायचं बाकी आहे. सह्याद्रीत देवगांडुळासारखा उभयचर सापडतो, पण सॅलामँडर नाही. त्यासाठी पार पूर्व हिमालयात जावं लागतं. तेव्हा तिने सॅलामँडर पाहिला असण्याची शक्यताच नव्हती. पण प्रवासी-शास्त्रज्ञ हम्बोल्टने मेक्सिकोहून आणलेले ॲक्सोलॉटलचे नमुने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिएसमोर ठेवले, तेव्हा त्या थोर शरीरशास्त्रज्ञानेही हेच म्हटलं होतं. हा कुठल्यातरी अनोळखी सॅलामँडरचा बालावस्थेतला जीव असावा.

पॅरिसचं हे प्रकरण मला सोडवत नाही. 1864 साली मेक्सिकोहून 34 जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला पोचले. तेव्हा फ्रेंच फौजा मेक्सिकोत होत्या. जहाजावर त्यांचं पाणी कोणी बदललं, काय खायला घातलं, हा प्रश्न त्या इतिहासात मला सगळ्यांत आधी पडतो. बहुतेक सगळे काळसर होते, त्यांतला एक मात्र पांढरा. त्यांपैकी सहा ऑग्युस्त द्युमेरिलच्या हाती आले. तो तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग सांभाळायचा. 1865च्या सुरुवातीला त्यांनी अंडी घातली. म्हणजे ही बाळं नव्हेत, ही कर्तीसवरती मोठी माणसं. क्युव्हिए चुकला म्हणायचा का? पिल्लं वाढली, आईबापांएवढी झाली, आणि त्याच वर्षी त्यांतल्या काहींचे तुरे आखडायला लागले. शेपटीचा पडदा विरला, कातडीवर पिवळसर ठिपके उमटले, आणि ती पाण्याबाहेर आली. आईबाप पाण्यातच, होते तसेच. मुलं जमिनीवर, फुप्फुसांनी श्वास घेणारी, ओळखूही येणार नाहीत अशी. द्युमेरिल त्या टाकीपुढे उभा असेल तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

पण त्याने त्याहून मोठं काम केलं. त्याने पिल्लं वाटली. युरोपभरच्या प्रयोगशाळांना, अभ्यासकांना, हौशी लोकांना. 1870 साली प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. त्या वेढ्यातच द्युमेरिल वारला आणि भुकेल्या शहराने प्राणिसंग्रहालयातले हत्तीसुद्धा खाल्ले. तोवर ॲक्सोलॉटलची लेकरं कितीतरी गावांत, कितीतरी टाक्यांत सुखरूप पोचलेली होती. आज जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांत जे ॲक्सोलॉटल आहेत, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ त्या एका खेपेपर्यंत जातं. बाळूचा फिका रंगही तिथूनच चालत आला असावा. मधल्या दीडशे वर्षांत कुणी ना कुणी रोज पाणी बदललं म्हणून तो माझ्या घरी आहे.

त्या सगळ्यांत मला जवळची वाटते ती मारी फॉन शोविन. आउगुस्ट वाइसमान हा जर्मन शास्त्रज्ञ पाण्यातल्या ॲक्सोलॉटलला जमिनीवर आणायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. शोविनने ते 1870च्या दशकात करून दाखवलं. उथळ भांड्यात पाणी इतकं कमी कमी करत नेलं की त्यांना हवेतला श्वास घेणं भाग पडावं, पण इतकं हळू की त्यांनी मरू नये. तिच्या नावाशी पुस्तकांत सिद्धांत जोडलेला नाही. पण रोज सकाळी भांड्यापाशी जाऊन आज बोटभर पाणी काढायचं की राहू द्यायचं हे तिला ठरवावं लागलं असणार, आणि हा निर्णय घेण्याची नजर कुठल्याही सिद्धांताइतकीच मोलाची आहे असं मी मानते. पुढे कळलं की याची किल्ली थायरॉइडच्या ग्रंथीत आहे. तिचं संप्रेरक बाहेरून दिलं की ॲक्सोलॉटल रूप बदलतो. म्हणजे क्युव्हिएचंही खरं होतं आणि आईचंही. व्हायचं ते रूप त्याच्या आत आहे, त्याला फक्त त्याची गरज पडत नाही. कोणी कोणी मला विचारतात, बाळूला मोठा करता येईल का? मी ठाम नाही म्हणते. रूप बदललेले प्राणी सहसा फार जगत नाहीत. पाण्यात तो दहा-पंधरा वर्षं जगेल.

पुण्याच्या भाच्याने विचारलं, “मावशी, इथेही मिळतात, घेऊ का?” त्याला म्हटलं, पुण्याच्या एप्रिलमध्ये पाणी अठरा अंशांवर ठेवायचं तर चिलर चोवीस तास चालायला हवा आणि वीज गेली तर तुला जागं राहायला हवं. शिवाय हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्यांच्या यादीतला. भारतात आता अशा प्राण्याची सरकारकडे नोंद करावी लागते, आणि ते योग्यच आहे. जो जीव स्वतःच्या गावातून नाहीसा होत चालला आहे, तो कुणाच्या घरात कुठून आला हे विचारलं गेलंच पाहिजे.

त्याचं गाव सोचिमिल्को. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला उरलेले कालवे. एके काळी त्या खोऱ्यात सरोवरंच सरोवरं होती. स्पॅनिश आले, पुरांना कंटाळून शतकानुशतकं पाणी बाहेर काढत राहिले. शेजारचं चाल्कोचं सरोवर तर पुढे आटवूनच टाकण्यात आलं. जे राहिलं त्यात शहराचं सांडपाणी आलं, आणि माणसांना खायला म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे आले. ते ॲक्सोलॉटलची अंडी आणि पिल्लं खातात. 1998च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला 6000 ॲक्सोलॉटल होते, 2014मध्ये 36. पन्नास पेसोंच्या जांभळट नोटेवर त्याचं चित्र आहे, इतकं देखणं की लोक ती नोट खर्च न करता जपून ठेवतात.

तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठातले लुईस साम्ब्रानो आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं चिनांपांवरच्या शेतकऱ्यांबरोबर काम करत आहेत. चिनांपा म्हणजे सरोवरातला गाळ उपसून रचलेली, कालव्यांनी वेढलेली शेतं, ॲझ्टेकांच्या काळापासूनची. शेतकरी कालव्याच्या तोंडाशी गाळण्या बसवतात. परके मासे बाहेर राहतात, पाणी निवळतं, आणि तेच पाणी पिकाला जातं. कीटकनाशकं टाळायची, ही अट. माणसाच्या हाताखाली वाढलेले अठरा ॲक्सोलॉटल अंगात छोटे ट्रान्समीटर बसवून अशा चिनांपाच्या पाण्यात आणि एका मानवनिर्मित पाणथळीत सोडले होते, त्याचा अहवाल 2025मध्ये आला. ते जगले. पुन्हा पकडलेल्यांचं वजन केलं तर ते भरलेले होते. टाकीत वाढूनही शिकार विसरले नव्हते. दोघांना मात्र बगळ्यांनी खाल्लं.

याच कामासाठी लोकांकडून वर्गणीही घेतात. 2023मध्ये सहाशे पेसो भरले की एक ॲक्सोलॉटल आपल्या नावे दत्तक मिळायचा, आणि त्याहून कमी पैशांत त्याचं एक वेळचं जेवण व्हायचं. जेवणाचे पैसे मी पाठवले. आईला सांगितलं तेव्हा बाळू चिमट्यातल्या गांडुळाकडे तोंड वळवत होता. त्याची नजर अधू, वासाने आणि पाण्याच्या हालचालीने त्याला कळतं. क्षणात गांडूळ आत ओढलं गेलं.

“तिथे त्यांचं पाणी कोण बघतं?” आईने विचारलं.

“शेतकरी,” म्हटलं. “मका आणि पालेभाज्या पिकवणारे.”

“मग बघतील नीट,” ती म्हणाली, आणि यंदा पाऊस लवकर आल्यामुळे पेरणीची कशी तारांबळ उडाली ते सांगू लागली.